शाळा घाबरते ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळला

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला आठवी-नववीतल्या मुलांची चिंता आणि उदासी यांवर काम करायचं आहे. तिने आठ शाळांना पत्रं दिली. पाच शाळांनी उत्तरच दिलं नाही, दोघींनी ट्रस्टींची ना आहे म्हणून कळवलं, आणि एकीने सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या शनिवारी या, दोन तास देतो, फॉर्म भरून घ्या. तिला विचारायचं आहे की शाळांशी खरीखुरी भागीदारी करायची कशी, आणि हातात आलेली ही एक शाळा तरी सोडू नये ना?

मी साधारण वीस वर्षं याच शहरात शाळांमधून हे काम करते आहे. उत्तर लांबणार आहे.

आधी पत्राचं बोलू. पाच शाळा गप्प बसल्या त्या बहुधा पत्रामुळेच. तुमचं पत्र मी पाहिलेलं नाही, पण तसली पत्रं मी स्वतः लिहिली आहेत: विद्यापीठाचं लेटरहेड, इंग्रजी, दोन पानं, उद्दिष्टं, गृहीतकं, आणि शेवटी 'सर्व माहिती गोपनीय ठेवली जाईल'. आचार्यांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, टेबलावर ते पत्र पोचतं तेव्हा शेजारी सहीसाठी बोनाफाईडचा गठ्ठा असतो, खेल महाकुंभाच्या (राज्य सरकारच्या क्रीडास्पर्धांच्या) नोंदणीची शेवटची तारीख असते आणि बाहेर बाकावर फीची मुदत वाढवून मागायला आलेले दोन वाली, म्हणजे पालक, बसलेले असतात. पत्रातला 'मेंटल' हा एक शब्द त्यांच्या डोळ्यांत भरतो आणि पत्र क्लार्ककडे जाऊन फाइलला लागतं. गुजरातीत लिहा, एका पानात बसवा आणि स्वतः घेऊन जा. प्रार्थनेच्या वेळी नको, मोठ्या सुट्टीनंतर जा.

आणि आठवी-नववी ही जोडी सोडून द्या. कागदावर ती शेजारी-शेजारी दिसते, पण गुजरातेत आठवी प्राथमिकमध्ये मोडते आणि नववी माध्यमिकमध्ये. महापालिकेच्या शाळेतली आठवी हवी तर नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शासनाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, नववीसाठी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत, आणि ट्रस्टची शाळा असेल तर ट्रस्टी वेगळेच. दोन कचेऱ्या, दोन फाइली, आणि दोन्ही ठिकाणी 'त्यांचं काय झालं?' म्हणून एकमेकांकडे बोट. दहावी तुम्हाला कुणी देणार नाही, बोर्डाचं वर्ष आहे. नुसती नववी घ्या.

हे झालं कागदांचं. शाळा का बिचकते ते मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगते.

2011 साली एका शाळेत नववीच्या दोन वर्गांकडून आम्ही प्रश्नावली भरून घेतली. पूर्ण निनावी. नाव नाही, रोल नंबर नाही. म्हणजे मुलं मोकळेपणाने लिहितील. गठ्ठे बांधले, घरी आणले. मध्ये घरात लग्न निघालं, त्यामुळे गठ्ठा सोडला तो अकरा दिवसांनी. रात्री जेवणं आटोपल्यावर टेबल पुसून मी एकेक फॉर्म संगणकात भरत होते. एका फॉर्मवर, मरून जावंसं वाटतं या ओळीपुढे 'जवळजवळ रोज' या रकान्यात खूण होती. ती बॉलपेनने इतक्यांदा गिरवली होती की कागद उलटा केल्यावर बोटाला लागत होती. वरच्या कोपऱ्यात फक्त '9-बी'.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी मी फाटकाशी उभी होते. आचार्य बेननी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोण छे?" वर्गात बावन्न मुलं होती. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, कारण काही कळू नये अशीच सोय मी करून ठेवली होती. मग त्या वर्गात सगळ्यांसाठी दोन सत्रं घेतली, मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 नंबर फळ्यावर लिहिला, कुणाला बोलायचं असेल तर अमुक खोलीत या म्हणून सांगितलं. तीन मुलं आली. तिघंही दुसऱ्याच गोष्टींबद्दल बोलून गेली.

बेननी मला पुन्हा त्या शाळेत येऊ दिलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. कुणी त्या ओळीपुढे खूण केली तर उद्या सकाळी कुणी काय करायचं? प्रत्येक आचार्यांच्या मनात हा प्रश्न असतो, तोंडाने फारसं कुणी विचारत नाही. 'वेळ नाही', 'कोर्स बाकी आहे', 'ट्रस्टी ना पाडे छे' ही सगळी त्याच प्रश्नाची सभ्य रूपं. तुमच्या पत्रात त्याचं उत्तर असेल तर बाकीची बोलणी सुरू होतात.

त्यानंतर मी शाळेत निनावी प्रश्नावली घेऊन जीवनमरणाचे प्रश्न विचारलेले नाहीत. देशपातळीवर निनावी सर्वेक्षणं होतात, एनसीईआरटीने 2022 साली पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचं केलं, आणि तिथे तेच योग्य. पण पंचेचाळीस मुलांसमोर तुम्ही स्वतः उभ्या असाल तर दोनच वाटा आहेत: निनावी ठेवा आणि ते प्रश्न गाळा, किंवा प्रश्न ठेवा आणि मूल ओळखता येईल अशी सोय करा. पीएचक्यू-9, म्हणजे उदासी मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, वापरणार असाल तर नववा प्रश्न नेमका तोच आहे. तो छापलात म्हणजे त्याची जबाबदारी घेतलीत.

आमची पद्धत आता अशी आहे. फॉर्मवर सांकेतिक क्रमांक असतो, क्रमांक आणि नावांची यादी बंद पाकिटात आचार्यांच्या कपाटात राहते, आणि ते पाकीट आम्ही दोघांनी मिळूनच उघडायचं. फॉर्म गोळा झाले की त्याच तासाला दोघीजणी लायब्ररीत बसून फक्त तेवढे जीवनमरणाचे प्रश्न तपासतात. स्टाफरूममध्ये बसू नका. चहाचा कप घेऊन कुणीतरी खांद्यावरून डोकावतंच. ज्या मुलाशी बोलायला हवं त्याला एकट्याला वर्गातून बोलवायचं नाही. पाच-सहा जणांना बोलवायचं, त्यात दोन-तीन अशीच सहज निवडलेली, म्हणजे वर्गात कुजबूज होत नाही. समुपदेशक त्या दिवशी शाळेत हजर, आणि शेवटची घंटा व्हायच्या आत ते मूल कुणाशी तरी नीट बोललेलं असलं पाहिजे. घरी फोन कुणी करायचा, काय शब्दांत करायचा, हे आधीच लिहून ठेवलेलं. पुढे पाठवायची वेळ आली तर आम्ही बहुतेक वेळा सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात पाठवतो. कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे, पण पहिल्याच भेटीत पालक ती पाटी वाचून रिक्षा परत वळवतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे दोन्ही नंबर छापलेली चिठ्ठी वर्गातल्या सगळ्यांना द्यायची, निवडक मुलांना नाही.

यावर आचार्य हमखास म्हणतील, "पण असं विचारलं तर मुलांच्या डोक्यात नसलेलं येणार नाही का?" ही भीती प्रामाणिक आहे, हसण्यावारी नेऊ नका. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजार तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग 2005 साली जामा या नियतकालिकात आला. निम्म्यांना आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नाही, त्या विचारांतही भर पडली नाही. ज्यांना आधीपासून जास्त त्रास होता त्यांना उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. हे दोन वाक्यांत गुजरातीत सांगता आलं पाहिजे.

गोपनीयतेचं वचनही जपून द्या. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं तुम्हालाही बंधनकारक आहे आणि आचार्यांनाही. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून 'कुणालाही सांगणार नाही' असं मुलाला कधीच म्हणू नका. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला मदत बोलवावी लागेल, बाकी सगळं आपल्यात" हे फॉर्म वाटायच्या आधी, मोठ्याने, सगळ्या वर्गासमोर.

एवढं लिहून घेऊन गेलात की दारं किलकिली होतात. एक नवी गोष्टही तुमच्या बाजूला आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली त्यात शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असं म्हटलं आहे. त्यामुळे शाळांना सध्या या विषयातलं माणूस हवं आहे. सावध राहा मात्र. शाळा लगेच म्हणेल, "तमेज आवी जाओ ने (तुम्हीच या ना), आठवड्यातून दोनदा." फुकटची समुपदेशक होऊ नका. जिचा अभ्यास करायचा तिच्याच पगारपत्रकावर नसलेली नोकर झालात की आकडेही गेले आणि नाही म्हणायची सोयही गेली. योजना लिहायला मदत करा, शिक्षकांशी दोन बैठका घ्या, तिथे थांबा.

भागीदारी हा शब्द मला खरा वाटायला लागला तो एका आचार्यांनी मला उलटा प्रश्न विचारला तेव्हा. मी माझी प्रश्नावली समजावत होते. ते म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण माझी अकरावी सायन्सची मुलं दुपारी बाकावर डोकी टाकून झोपतात, ते का, ते सांगाल का?" माझ्या अभ्यासात झोप नव्हतीच. घातली. सहा प्रश्न: किती वाजता झोपता, ट्यूशनहून किती वाजता येता, फोन कुठे ठेवता, अशासारखे. उत्तर काही जगावेगळं निघालं नाही. ट्यूशन सुटून जेवायलाच दहा वाजत होते, त्यानंतर दिवसभरात पहिल्यांदा मिळालेला स्वतःचा वेळ फोनवर जात होता, आणि सकाळची शाळा सातला. पण ते उत्तर त्यांच्या प्रश्नाचं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी पहिला तास गणिताचा काढून पीटीचा केला आणि मला न मागता दोन वर्ग दिले. तेव्हापासून कुठल्याही शाळेत पहिल्या भेटीला मी प्रश्नावली पिशवीतून बाहेरच काढत नाही.

संमतीकडे येते. आचार्यांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे, हे आपल्याकडे पुष्कळ मार्गदर्शकसुद्धा विसरतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती हवी आणि मुलाचा होकारही हवा: सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, बारा ते अठरा लेखी. आता व्यवहार. दप्तरातून पाठवलेला फॉर्म सकाळच्या व्हॅनमध्ये मुलंच सही करून आणतात, वडिलांची सही नववीपर्यंत सगळ्यांना येते. आम्ही म्हणून निकालाच्या दिवशीच्या वाली मीटिंगला टेबल टाकून बसतो आणि नंतर दहातल्या एका घरी फोन करून खात्री करून घेतो. पालक विचारतात ते ठरलेलं असतं, विशेषतः मुलींचे: "हिच्या नावावर काही लागणार नाही ना? उद्या लग्नाच्या वेळी..." या प्रश्नाला घाई न करता उत्तर द्या. काहीजण ही कटकट नको म्हणून अभ्यासाला 'व्यक्तिमत्त्व विकास' असं नाव देतात. मला ते अजिबात पटत नाही. एका पालकाला जरी नंतर कळलं की आत उदासीचे प्रश्न होते, तर ती शाळा तुम्हालाच काय, तुमच्या मागून येणाऱ्या दहाजणांनाही बंद होते.

भाषेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. दांडिया बाजारातलं एखादं मराठी घरातलं मूल घ्या. घरी आजीला ते सांगतं, "मला कसंतरी होतंय." शाळेत मित्राला म्हणतं, "यार, गभरामण थाय छे", म्हणजे घाबरल्यासारखं होतंय. सायन्सच्या पुस्तकात त्याच्यासाठी तिसरीच भाषा आहे. 'चिंता' हा शब्द तिन्हीकडे आहे, पण मुलं तो स्वतःबद्दल वापरतच नाहीत. चिंता आईबाबा करतात, मुलांना 'टेन्शन' येतं. आणि 'कंटाळा' गुजरातीत आणि मराठीत जवळपास एकच शब्द असला तरी 'कंटाळी गयो छुं' म्हणणारा मुलगा नुसता बोअर झालाय की जिवाला कंटाळलाय हे त्याच्या तोंडाकडे बघून कळतं, कागदावर नाही. मान्यताप्राप्त भाषांतर मिळालं तरी सात-आठ मुलांना जवळ बसवून एकेक ओळ वाचायला लावा आणि विचारा, तुला यातून काय समजलं? पीएचक्यू-9 च्या आठव्या प्रश्नात हालचाली मंदावणं आणि उलट चुळबूळ वाढणं या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. मुलं दर वेळी हात वर करून विचारतात, "बेन, दोन्हीतलं कुठलं?" तुमचं उत्तर सगळ्या वर्गांत एकच असायला हवं, म्हणून ते आधी लिहून ठेवा. मराठी, गुजराती, हिंदी यांतला कुठला कागद हवा ते मुलाला निवडू द्या.

आकड्यांचं एकच सांगते, कारण तुमच्या यादीत आठ शाळा आहेत. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तोच मोहल्ला, तीच परीक्षा. त्यामुळे दहा वर्गांतली प्रत्येकी चाळीस मिळून चारशे मुलं म्हणजे चारशे स्वतंत्र माणसं धरता येत नाहीत. वर्गातलं साम्य 0 ते 1 या मापावर 0.05 इतकंच मानलं तरी 1 + 39 × 0.05 (39 म्हणजे एका मुलाची वर्गातली बाकीची मुलं), म्हणजे 2.95 ने चारशेला भागावं लागतं आणि हातात साधारण 136 जणांएवढीच माहिती उरते. दोन मोठ्या शाळा पूर्ण पिंजून काढण्यापेक्षा सहा शाळांतला एकेक वर्ग बरा. आणि फॉर्म भरायच्या दिवशी गैरहजर कोण होतं याची नोंद ठेवा. ज्याचं मन शाळेत लागत नाही तो नेमका त्या दिवशी घरी असतो.

पुढे जाऊन काही उपक्रम करून बघायचा असेल तर शिक्षकांच्या डोक्यावर टाकू नका. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत झालेल्या सेहेर या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तोच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या स्थानिक समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ कुणी काढू नये. आपल्याच शाळेतल्या शिक्षकांचा एक आठवडा बघा, मतदारयाद्यांपासून खेल महाकुंभापर्यंत. आणि शाळेला फायद्याची हमी देऊ नका. ब्रिटनमध्ये मायरिअड नावाच्या प्रयोगात 85 शाळांपैकी साधारण निम्म्या शाळांत सजगतेचे (माइंडफुलनेसचे) वर्ग घेतले, मोठा खर्च केला, आणि 2022 साली निष्कर्ष आला की नेहमीच्या तासांपेक्षा काही जास्त उपयोग झाला नाही.

कुठली शाळा आधी आणि कुठली पुढच्या वर्षी हे ठरवायचं असेल तर सोडत सगळ्या आचार्यांसमोर काढा. आम्ही पेढ्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकतो आणि सगळ्यात वयाने मोठ्या आचार्यांना उचलायला लावतो. संगणकाने काढलेल्या यादीवर लोक संशय घेतात, डब्यावर घेत नाहीत.

वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही इथल्याच आहात. नवरात्रात झोपेचे प्रश्न विचारू नका, उतराणच्या (संक्रांतीच्या) आठवड्यात कुणी शाळेत नसतं, जानेवारीनंतर बोर्डाचा ताप चढतो. पावसाळ्यात कागद तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमचे दुसऱ्या फेरीचे फॉर्म एका शाळेच्या तळमजल्यावरच्या कपाटात होते. लगदा झाला. आधीच्या फेरीची प्रत घरी होती म्हणून निम्मं काम वाचलं.

निष्कर्ष शाळेला प्रबंधाच्या आधी द्या, प्रत्येकीला तिचं एक पान, गुजरातीत. शाळांची नावं घालून तुलना कुठेही करायची नाही, आणि दहापेक्षा कमी मुलांचा गट असेल तर त्याचा आकडा छापायचा नाही, नाहीतर '9-बीतल्या दोन मुली' म्हटल्यावर सगळ्या स्टाफला कळतं कोण ते.

आता ती शनिवारची शाळा. जाऊ नका. त्या दिवशी कुणी खूण केली तर पुढचे एकवीस दिवस शाळेला कुलूप आहे, समुपदेशक नाही, आचार्य गावाला, आणि मूल घरी, कदाचित ज्या घरात त्रास आहे त्याच घरी. आचार्यांना जाऊन हेच सांगा, याच शब्दांत, आणि सुट्टीनंतरच्या आठवड्यातला मंगळवार मागा, म्हणजे पुढे चार दिवस शाळा सुरू असते. दोन तासही नकोत, एक तास पुरे, पण समुपदेशकाला बसायला एक खोली हवी म्हणावं, दार लागतं अशी.